भोरड्यांच्या गावाला

उजव्या हाताचा पंजा कपाळाला आडवा लावायचा, मान जराशी कलती करायची आणि तारेवर येऊन बसलेल्या पाखराला खणखणीत आवाजात विचारायचं, "पावणं, गाव कंचं?"

कोल्हापुरात अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणायची पद्धत आहे, ती तुम्हाला ठाऊक असेल. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, पत्ता विचारला की दुकानदार म्हणतो. पण पाखरांना पावणं म्हणणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अक्का. नाव सांगत नाही, कारण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. कपाळावर विभूतीची बोटं, कानाला हेडफोन आणि आवाज असा, की ट्रंक लाइन बिघडली तरी पलीकडच्या गावाला तो थेट ऐकू जाईल अशी आम्ही चेष्टा करायचो.

नव्वद सालाच्या आगेमागे मी नोकरीला लागले तेव्हा ट्रंक बुकिंगचा तो मोठा हॉल अजून भरलेला होता. मला अक्कांच्या शेजारची खुर्ची मिळाली. दिवसभर त्या गिऱ्हाइकांना विचारायच्या, "कंचं गाव पायजे?" आणि कॉल जोडायच्या. आमच्या सुपरवायझरांना हे खटकायचं. ते एकदा म्हणाले, "अक्का, जरा नम्रपणे बोलत चला." अक्का त्यांच्यावर जवळजवळ ओरडल्याच, "नम्रच बोलतोय की! ओरडलो व्हय मी?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरून बदलून आलेल्या त्या सुपरवायझरांना आधी याचाच धक्का बसला होता. आवाजाचा धक्का नंतरचा.

हॉलच्या खिडकीबाहेर एक तार होती आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर नाना पाखरं येऊन बसायची. एकदा अक्कांच्या कानाला लाइन लागलेली असतानाच तिथे कोणीतरी निळं पाखरू उतरलं. अक्कांचा पंजा कपाळाला गेला. "पावणं, गाव कंचं?" तारेवरचं पाखरू गप्प. लाइनीवरचा माणूस मात्र वैतागून म्हणाला, "हुपरी म्हणून सांगितलं न्हवं का मगाशीच!" आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो. अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "तुमास्नी न्हाय वो. बसा गप." आणि त्यांनी त्या माणसाचा कॉल लावून दिला.

पाखरांच्या नावांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या मला ओढत कळंब्याच्या तलावावर न्यायच्या. मला अंथरूण प्रिय, पण अक्कांना नाही म्हणायची सोय नव्हती. मी आपली लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, "अक्का, तो शेपूट हलवतोय ना, तो धोबी." त्या म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे गं. गाव सांग त्येचं." मी पानं उलटली. पुस्तकात लिहिलं होतं, हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. "उत्तरेकडनं म्हंजे? उत्तरेला इचलकरंजी बी हाय," असं म्हणून त्यांनी माझं पुस्तक मिटलं. इचलकरंजी खरं तर कोल्हापूरच्या पूर्वेला आहे, पण तेवढं बोलायची माझी छाती नव्हती.

या गाव विचारण्यामागे त्यांचा एक जुना हिशेब होता. तो भोरड्यांशी होता.

तुम्ही भोरड्या पाहिल्या असतील. काळं डोकं, काळे पंख, मधे मळकट गुलाबी अंग. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यात आला, की या पाखरांचा थवाच्या थवा शेतावर कोसळतो. आमच्याकडे शेताच्या मधोमध माळा बांधतात, त्यावर एखादं पोर गोफण घेऊन उभं करतात, आणि त्याने दिवसभर ओरडत, दगड भिरकावत पाखरं हाकायची. अक्कांच्या घरी हे पोर म्हणजे अक्का. भाऊ धाकटा होता, आणि तो मुलगा होता, म्हणून शाळेत. दर थंडीत अक्कांची शाळा सुटायची, ती थेट मळणी झाल्यावर सुरू व्हायची. तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा. शेवटी मास्तरांनी कंटाळून पटावरून नाव काढून टाकलं. लग्नानंतर अक्का बाहेरून मॅट्रिक झाल्या आणि खात्यात लागल्या. पण पुढे शिकायचं राहिलं ते राहिलंच.

"माझी शाळा खाल्ली ह्यांनी," भोरड्यांचा विषय निघाला की त्या म्हणायच्या. त्यात गंमत होती आणि नव्हतीही. "एवढा शाळू खाऊन जात्यात कुठं, ते एकदा बघायचं हाय मला. त्येंच्या दारात उभं ऱ्हाऊन इचारायचं हाय."

आता दुसऱ्याच्या दारात जाण्याबद्दल अक्कांचे नियम कडक होते. आपल्याकडे कोणी येऊन गेलं, की एकदा तरी आपण त्याच्या घरी जायचं. "आलं-गेलं पायजे," हे त्यांचं पालुपद. आमच्या शिपायाची बहीण एकदा काही कामाने कोल्हापुरात आली असताना अक्कांच्या घरी चहा घेऊन गेली होती. तेवढ्यावर अक्का पुढच्या सुट्टीत एस.टी. पकडून आजऱ्याला तिच्या घरी गेल्या. सोबत मी होतेच. त्यांनी नारळ दिला, अर्धा तास बसल्या, चहा घेतला, आणि परतीची गाडी पकडली. त्या बाईला बिचारीला आम्ही कोण हे आठवायलाच पंधरा मिनिटं लागली. निघताना तिने काजूंची पुडी हातात ठेवली. गाडीत अक्का समाधानाने म्हणाल्या, "झालं. फिटलं."

"आणि भोरड्या?" मी सहज चिडवायला विचारलं.

"त्या बी येऊ द्यात की," त्या म्हणाल्या, मग थांबल्या. "न्हाय. त्या येत्यात. जायाचं आपल्याकडनंच ऱ्हायलंय."

त्या भोरड्यांचं गाव कोणतं, हे आम्हाला कळंब्याच्या बांधावर कळलं. दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या एका प्राध्यापकांना अक्कांनी गाठलं. ते म्हणाले, भोरड्या उन्हाळ्यात मध्य आशियात जातात, कझाकस्तानच्या बाजूला, तिथे दगडांच्या ढिगात घरटी करतात. अक्कांनी ते नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी मला विचारलं, "कझाकस्तानला कॉल लागतोय का गं?" मी म्हटलं, लागेल, पण बोलायचं कोणाशी? त्या म्हणाल्या, "ते बी खरंच."

पुढे गल्लोगल्ली पिवळे एस.टी.डी. बूथ झाले आणि आमचा हॉल ओस पडला. बोर्ड गेले, हेडफोन गेले. आम्हाला बिलांच्या खिडकीवर बसवलं. "कंचं गाव?" विचारायची गरज राहिली नाही, हे अक्कांना फार लागलं. मी त्यांना कधी उदास पाहिलं असेल तर त्या दिवसांत. आणि मग एक दिवस त्या खिडकीवर आल्या त्या तोंडभर हसतच. भावाच्या मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. आपल्याकडे नंबर लागला नाही म्हणून ती बाहेर चालली होती, अल्माटी नावाच्या शहरात.

"कुठं आलं हे?" मी विचारलं.

"कझाकस्तान," अक्का म्हणाल्या. त्यांनी ते असं म्हटलं, जसं काही ते कागलच्या पुढचं गाव आहे.

भाची शिकत होती तोवर अक्कांची नोकरी होती. त्यांच्या निवृत्तीला आणि भाचीच्या शेवटच्या वर्षाला गाठ पडली. ती जूनमध्ये परीक्षा संपवून कायमची परत येणार, त्यानंतर त्या देशात ओळखीचं कोणी नाही, आणि भोरड्यांची घरटी तर मे-जूनमध्येच असतात. म्हणजे तोच एक उन्हाळा. त्यात अक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन. अक्का म्हणाल्या, "आल्यावर." डॉक्टर म्हणाले, त्रास वाढेल. अक्का म्हणाल्या, "वाढू दे की. आल्यावर."

त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, स्वभावाने अगदी शांत. त्यांनी एकदाच विचारलं, "पाखरं बघायला तिकडं? हितं काय कमी हायत व्हय?" अक्का म्हणाल्या, "हितं ती पावणी हायत. घरात कशी ऱ्हात्यात ते बघायचं हाय." काकांनी मग विषय सोडला आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली आणून बॅगेत ठेवली.

मी का गेले, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही. मला प्रवासात उलट्या होतात. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने अक्कांना विचारलं, "कशासाठी जाणार?" "पावण्यांकडं." त्याने 'नातेवाइकांची भेट' असं लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही?" मी म्हटलं, "मी यांच्याबरोबर." आजही मला त्याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

पाहुण्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून अक्कांनी माहेरच्या शेतातल्या शाळवाच्या कडक भाकरी थापून आणल्या होत्या. त्या पातळ, पापडासारख्या कडकडीत भाकरी महिनाभर टिकतात. अल्माटीच्या विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याने तो गठ्ठा उघडला, एक भाकरी बोटाने वाजवून बघितली, नाकाला लावली, उजेडात धरली. त्याला वाटलं असेल, हे काहीतरी बांधकामाचं सामान आहे. अक्कांनी त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली, तिचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला आणि दुसरा त्याच्या तोंडापुढे धरला. तो इतका गांगरला, की त्याने तो खाल्ला. मग त्याने आम्हाला जायची खूण केली.

त्या शहरातली पहिली सकाळ मला नीट आठवते. भाचीच्या वसतिगृहासमोर झाडं होती, मागे बर्फाचे डोंगर, आणि झाडाखाली बायका पेल्याने मोजून सूर्यफुलाच्या बिया विकत होत्या. अक्का बाकावर बसून सगळं बघत होत्या. बिया सोलणाऱ्या म्हाताऱ्या, बाबागाडी ढकलणारी आई, बाही दुमडून ट्रॉलीबसची निसटलेली दांडी वरच्या विजेच्या तारेवर बसवणारी ड्रायव्हरीण. "ही बाई आमच्या खात्यात पायजे हुती," त्या म्हणाल्या. तेवढ्यात पायाशी एक साळुंखी आली. आपली, घरातली, पिवळ्या चोचीची साळुंखी. तिच्यामागे आणखी दोन. अक्कांचा पंजा कपाळाला गेला आणि तसाच राहिला. "अगं, ही तर आमच्या गल्लीतली!" त्यांनी तिला गाव विचारलं नाही. तिला ओळख दिल्यासारखी मान हलवली फक्त.

मग त्यांना कळंब्याचा धोबीही दिसला. तो वसतिगृहाच्या पत्र्याखाली पिल्लांना भरवत होता. "बघ, घरात असला की किती काम करतोय. आमच्याकडं नुसता बांधावर फिरत असतोय," असं म्हणून त्या मनापासून हसल्या.

चहावरून मात्र त्या रागावल्या. वसतिगृहात येण्याआधी भाची जिच्याकडे भाड्याने राहायची, त्या घरमालकीण बाईंनी आम्हाला बोलावलं आणि बिनकानाच्या वाट्यांतून दूध घातलेला चहा दिला. वाटी अर्धीच भरलेली. अक्का मराठीतून मला म्हणाल्या, "हिच्या घरात दूध न्हाय का गं? अर्धी वाटी? आमच्याकडं कप बशीत सांडल्याबिगर चहा दिला म्हणत न्हाईत." भाचीने घाईघाईने सांगितलं, "अत्ती, असं नाही. इथं अर्धी वाटी देणं म्हणजे मान. पाहुण्यानं बसावं, बोलावं, पुन्हा पुन्हा मागावं, म्हणून अर्धी. काठोकाठ भरून दिली तर समजायचं, आता उठा." सीमेकडे आत्याला अत्ती म्हणतात. अत्तीने ते ऐकलं, वाटी बघितली, आणि त्या दिवशी इतक्या वेळा चहा मागितला की घरमालकीण खूश झाली आणि मी झोपेला मुकले.

भोरड्या मात्र मिळेनात. भाचीने एक म्हातारा ड्रायव्हर ठरवला होता. तो म्हणाला, ही पाखरं माझ्या ओळखीची आहेत, जुन्या दगडखाणीत असतात. आम्ही गेलो. खाण होती, दगड होते, पाखरू नव्हतं. म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, यांचा नेम नसतो. टोळ जिथे पडतात तिथे ही जातात, आणि यंदा इकडे टोळ नाहीत.

दुसऱ्या दिवशी आणखी लांब गेलो. दोन्ही बाजूंना गवताळ माळ, क्षितिजापर्यंत तोच, मधेच घोडे. निळी पाखरं तारांवर होती, उंच आवाजात गाणारी होती. अक्का प्रत्येकाला बघत होत्या, पण विचारत कोणालाच नव्हत्या. संध्याकाळी वसतिगृहात त्यांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. मी तेल चोळत होते. भाचीची परीक्षा चार दिवसांवर आलेली, परतीचं तिकीट काढलेलं. मी म्हटलं, "अक्का, देश बघितला, माणसं बघितली, धोबी भेटला. पुरे की आता."

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"चालवत नाहीये तुम्हाला."

"पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला, "माळ्यावर उभा असायचो न्हवं मी, तवा समोरच्या रस्त्यानं बाकीच्या पोरी दप्तर घेऊन जायाच्या. मी त्यास्नी बघायचो न्हाय. पाखरास्नी बघायचो. त्येंच्याशीच बोलायचो. त्येंच्या दारापर्यंत येऊन परत जाऊ व्हय आता?"

सकाळी आम्ही पुन्हा निघालो, भाची परीक्षेच्या वह्या घेऊन गाडीत बसली.

त्या दिवशी दुपारी माळावर मेंढ्यांचा एक तळ लागला. एक पांढरा गोल तंबू, बाहेर डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बाई, चुलीवर किटली. ड्रायव्हरने तिला काहीतरी विचारलं, तिला कळेना. पाखराचं नाव त्याला वेगळं ठाऊक, तिला वेगळं. अक्का गाडीतून उतरल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि ती सगळी बोटं एकदम उजवीकडे वळवली, एकदम डावीकडे, मग झपकन खाली. भोरड्यांचा थवा शेतावर उतरतो तो असा. वर तोंडाने त्यांची ती किचकिच. ती म्हातारी आधी दचकली आणि मग टाळी वाजवून हसली. तिने आमच्या पाठीमागच्या टेकाडाकडे बोट दाखवलं.

टेकाडापर्यंत गाडी जात नव्हती. अक्का चालल्या. एक हात माझ्या खांद्यावर, एक त्या म्हातारीच्या. प्रत्येक पावलाला त्या दात आवळत होत्या आणि म्हातारी आपल्या भाषेत काहीतरी धीर देत होती. टेकाडाच्या उतरणीला दगडांचा मोठा ढीग होता. जवळ गेलो तशी आधी किचकिच ऐकू आली. मग सगळा ढीग हलतोय असं वाटलं.

भोरड्या होत्या. किती होत्या ते विचारू नका. दगडाच्या प्रत्येक फटीतून एक आत जात होती, एक बाहेर येत होती. आणि काय त्यांचा रंग! आपल्याकडे येतात त्या मळकट. इथे गर्द गुलाबी अंग, डोक्यावर काळा तुरा. अक्का दगडावर बसल्या. "घरात कशा नटून बसल्यात बघ," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं शेतावरच्या कापडात येत होत्या व्हय गं." त्यांचा पंजा सवयीने कपाळाला गेला. तोंडही उघडलं. पण गाव न विचारताच हात खाली घेऊन त्या दगडांच्या ढिगाला म्हणाल्या, "मी आलोय. शाळवाकडनं."

त्यांनी पिशवीतली भाकरी काढली, चुरली आणि दगडांवर पसरली. एकाही भोरडीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रत्येकीच्या चोचीत टोळ होते, पाय हलवणारे जिवंत टोळ, आणि फटीतली पिल्लं त्यासाठी बोंब मारत होती. अक्का चुऱ्याकडे बघत राहिल्या. "शाळू नको म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं तर दुसरं काय खाईनात."

म्हातारी ते बघत होती. ती सांगू लागली आणि भाची आम्हाला समजावू लागली. टोळधाड आली की या माळावर गवताची काडी राहत नाही. मेंढ्या उपाशी मरतात, मागून माणसंही. ही पाखरं ते टोळ खातात. म्हणून हा दगडांचा ढीग तिच्या सासऱ्याने रचला होता, पाखरांना घर हवं म्हणून. आम्ही दर वसंतात त्यात आणखी दगड टाकतो, ती म्हणाली. यांच्यावर दगड उगारला तर इथे पोरांना मार बसतो.

अक्कांनी ढिगातला एक दगड उचलला. गोफणीत बसेल एवढा. तो हातात फिरवत त्या म्हणाल्या, "हिला सांग, माझ्या बापाच्या शेतावर मी ह्यास्नी दगडं मारत हुतो. वर्षानुवर्षं. आन् ह्यांनी माझी शाळा खाल्ली, ते बी सांग."

भाचीला रशियन येत होतं, म्हातारीला थोडं येत होतं. ते सगळं पोचायला वेळ लागला. म्हातारी ऐकताना भाकरीच्या चुऱ्याकडे बघत होती, अक्कांच्या गुडघ्यांकडे बघत होती. मग तिने एकच वाक्य म्हटलं. भाचीने ते मराठीत सांगितलं.

"अत्ती, ती म्हणती, आम्ही दरवर्षी म्हणतो की बर्फ पडल्यावर यांना कोण जेवू घालत असेल. तर ती तू होतीस."

मी अक्कांना मोठ्या आवाजात बोलताना, भांडताना, हसताना पाहिलं होतं. रडताना तिथे पाहिलं. त्या हमसून रडल्या, लहान मुलीसारख्या, दगड मांडीवर घेऊन. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. म्हातारीने अक्कांच्या पाठीवर हात ठेवला. मग अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि तो दगड होता तिथे, नीट, फट बुजणार नाही अशा बेताने ठेवून दिला.

तंबूत आम्हाला अर्ध्या वाट्या चहा मिळाला. म्हातारीने कडक भाकरी चहात बुडवून खाल्ली आणि उरलेला गठ्ठा ठेवून घेतला. तिने आम्हाला वाळवलेल्या आंबट दह्याच्या गोळ्या दिल्या. निघताना अक्का तिला स्वच्छ कोल्हापुरीत म्हणाल्या, "आता तुमी यायचं. आलं-गेलं पायजे." भाचीने ते सांगितलं. म्हातारी हसली आणि टेकाडाकडे हात करून काहीतरी बोलली. आम्ही येतोच की दरवर्षी, असं ती म्हणाली होती.

परत आल्यावर अक्कांचे गुडघे बदलले गेले. डॉक्टर रागावले ते रागावलेच. अक्का-काका गावी राहायला गेले. भावाशी भांडून अक्कांनी माहेरच्या शेताची रस्त्याकडची एक पट्टी मागून घेतली. दरवर्षी तिच्यात शाळू पेरायचा आणि राखायचा नाही. माळा नाही, गोफण नाही. गावाने वेड्यात काढलं. "पावण्यांचा वाफा हाय," एवढंच अक्का सांगायच्या. आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या अर्धा कप चहा द्यायला लागल्या. गडहिंग्लजच्या बाजूला अर्धा कप चहा देणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसाला विचारा. बायका कुजबुजायच्या, म्हातारी कंजूष झाली. मी गेले की आमचे पाच-सहा अर्धे कप व्हायचे.

काही वर्षांनी त्यांना पोटाचं दुखणं लागलं. या वेळी त्यांनी 'आल्यावर' म्हटलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा थंडी होती. काकांनी त्यांची बाज उचलून शेताच्या कडेला उन्हात आणून ठेवली होती. अक्का इतक्या बारीक झाल्या होत्या, की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. आवाज मात्र तोच.

आम्ही बोलत बसलो. सुपरवायझर, हुपरीचा माणूस, विमानतळावरची भाकरी. सगळं पुन्हा झालं. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने थवा आला. उजवीकडे वळला, डावीकडे वळला आणि वाफ्यावर उतरला. कणसं वाकली. आमच्यापैकी कोणीही हात हलवला नाही. अक्का निजल्या निजल्या बघत होत्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा काका चहा घेऊन आले. सवयीप्रमाणे त्यांनी माझा कप अर्धा भरला आणि किटली खाली ठेवली.

"भरा की," अक्का म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तिची गाडी हाय. काठापर्यंत भरा."

काकांनी किटली पुन्हा उचलली. चहा कपाच्या काठापर्यंत आला आणि थोडा बशीत सांडला. अक्कांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी कप उचलला आणि जितका हळू पिता येईल तितका हळू तो चहा प्यायले.